‘अराजकाचे व्याकरण’ आणि टी-पॉइंटवरचे मोर्चे: बाबासाहेबांचा इशारा नेमका कसा वाचायचा?

धंतोलीचा वाचक (प्रश्न)

नमस्कार मंडळी. संविधान दिनाच्या निमित्ताने आमच्या वाचनगटात बाबासाहेबांचे २५ नोव्हेंबर १९४९ चे संविधान सभेतले भाषण घ्यायचे ठरले आहे. सोळा जण आहेत, वेळ दोन तास. निम्मे स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारे, बाकीचे नोकरीवाले.

तयारीच्या बैठकीत एका परिच्छेदावर गाडी अडली. रक्तरंजित क्रांतीचा मार्ग सोडा, तसेच कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रहही सोडा, कारण हे मार्ग म्हणजे अराजकाचे व्याकरण आहे, असे बाबासाहेब तिथे म्हणतात. आपल्याकडे डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरते, यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात आणि मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर अडवले जातात. एकाचे म्हणणे पडले, की बाबासाहेबांच्या हिशेबाने हे सगळे मोर्चे चूकच. दुसऱ्याने लगेच चवदार तळे आणि काळाराम मंदिर पुढे केले. तिसरा म्हणाला, १९४९ मध्ये ते कायदामंत्री होते, सरकारात बसल्यावर मत बदलले.

तिन्ही मते मला अर्धवट वाटतात, पण नेमके उत्तर देता आले नाही. म्हणून विचारतो:

१. त्या परिच्छेदाचा खरा अर्थ काय?
२. महाड, नाशिक आणि १९४९ यांची संगती कशी लावायची?
३. मार्ग ‘खुले’ आहेत की नाहीत, हे ठरवायचे कोणी?
४. दोन तासांत हे घ्यायचे कसे?

---

विधी अभ्यासक

भाऊ, पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्याच परिच्छेदात आहे. घोळ होतो तो मधली दोन वाक्ये गाळल्याने. मोबाईलवर फिरणाऱ्या चित्रांवर आणि भिंतीवरच्या फलकांवर सुरुवात असते आणि शेवट असतो, मधला भाग नसतो.

परिच्छेदाची रचना पायरीपायरीने बघा.

लोकशाही केवळ रूपाने नाही तर प्रत्यक्षातही टिकवायची असेल तर काय करावे, हा प्रश्न ते आधी मांडतात. त्याचे पहिले उत्तर, आपली सामाजिक आणि आर्थिक उद्दिष्टे गाठण्यासाठी संविधानिक मार्गच धरून राहणे. म्हणून क्रांतीचा रक्तरंजित मार्ग नको आणि कायदेभंग, असहकार, सत्याग्रहही नको. यानंतर ती गाळली जाणारी वाक्ये येतात. संविधानिक मार्गाने उद्दिष्टे गाठण्याची वाटच उरलेली नव्हती तेव्हा असंविधानिक मार्गांना बरेचसे समर्थन होते, हे एक. मात्र जिथे संविधानिक मार्ग खुले आहेत तिथे ते समर्थन उरत नाही, हे दुसरे. ‘अराजकाचे व्याकरण’ हे शब्द या दोन वाक्यांनंतर येतात.

म्हणजे हे विधान सशर्त आहे. सत्याग्रह कायमचा आणि मुळातच वाईट, असे ते म्हणत नाहीत. शर्त पूर्ण झाली की तो नको, असे म्हणतात. शर्त काढून टाकली तर १९२७ आणि १९४९ चे बाबासाहेब एकमेकांच्या अंगावर धावून येतात. शर्त ठेवली तर भांडण उरतच नाही.

आता भाषांतराची एक गोष्ट, जी मराठी वाचकाला फार नडते. इथे ‘संविधानिक मार्ग’ यासाठी बऱ्याच ठिकाणी ‘सनदशीर मार्ग’ असा शब्द वापरलेला दिसतो. शब्द चुकीचा नाही, पण त्याला रानडे-गोखले काळाचा वास आहे. ‘सनदशीर’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अर्ज, विनंत्या, ठराव आणि शिष्टमंडळे येतात. मग वाचणारा धरून चालतो, की बाबासाहेब अर्ज-विनंत्यांवर थांबायला सांगताहेत. त्यांच्या मनातला संविधानिक मार्ग त्याहून पुष्कळ रुंद होता. प्रौढ मताधिकार, निवडणूक, विरोधी पक्ष, विधेयक, न्यायालय, घटनादुरुस्ती, भाषण आणि सभेचे स्वातंत्र्य, एवढे सगळे त्यात बसते. माझी सूचना अशी, की गटात ‘सनदशीर’ हा शब्द बाजूला ठेवून ‘संविधानाने दिलेले मार्ग’ असे म्हणा. निम्मा गैरसमज तिथेच सुटेल.

आता टी-पॉइंटबद्दल. मोर्चा आणि कायदेभंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अनुच्छेद १९(१)(ख) नागरिकांना शांततेने, विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क देतो. अनुच्छेद १९(३) नुसार सार्वजनिक सुव्यवस्था आणि देशाची सार्वभौमता व एकात्मता यांच्यासाठी त्यावर वाजवी बंधने घालता येतात. परवानगी घेऊन ठरलेल्या रस्त्याने निघालेला आणि ठरलेल्या ठिकाणी थांबणारा मोर्चा हा मूलभूत हक्काचा वापर आहे. तो ‘अराजकाचे व्याकरण’ या वर्णनात बसूच शकत नाही. ज्या सभेपुढे ते भाषण झाले तिनेच हा हक्क कलमात घातला, आणि मसुदा समितीचे अध्यक्ष तेच होते.

मनाई आदेश मोडून मुद्दाम अटक करवून घेणे हा कायदेभंग. इशारा आहे तो इथून पुढे. जाळपोळ, दगडफेक ही तर त्याच्याही पलीकडची गोष्ट.

मनाई आदेशाच्या कायद्यात नागपूरचे नाव कायमचे कोरलेले आहे, हे गटाला सांगण्यासारखे. जानेवारी १९५६ मध्ये इथल्या गिरणी कामगारांच्या दोन संघटनांच्या वादात जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी कलम १४४ लावले. त्याविरुद्धचा बाबुलाल पराते खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६१ मध्ये न्यायालयाने ते कलम वैध ठरवले. पुढे १९७२ च्या हिंमतलाल शहा खटल्यात न्यायालयाने दुसरी बाजू स्पष्ट केली: रस्त्यावरच्या सभांचे नियमन करता येते, पण मनमानी नकार देण्याचा मोकळा अधिकार पोलिसांना देता येत नाही. १ जुलै २०२४ पासून कलम १४४ ची जागा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ ने घेतली आहे, तेव्हा जुने पुस्तक वाचणाऱ्यांनी क्रमांक बदलून घ्यावा.

---

इतवारीकर

वरचे उत्तर बरोबर आहे. दुसऱ्या प्रश्नात भर घालते. महाडला सरसकट ‘कायदेभंग’ म्हणणे इतिहासाला धरून नाही.

मुंबई कायदे कौन्सिलमध्ये ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला: सरकारी निधीतून बांधलेली किंवा सार्वजनिक संस्थांच्या ताब्यातली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. त्याला धरून महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि परिषदेचे लोक तळ्यावर गेले ते कागदावर मिळालेला हक्क बजावायला. नियम त्यांच्या बाजूने होता. त्यांच्यावर हल्ला करणारेच नियमाच्या विरुद्ध होते.

पुढचे प्रकरण आणखी बोलके आहे. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा विरोधकांनी दिवाणी दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम आणला. २५ डिसेंबरला परिषद भरली, मनुस्मृतीचे दहन झाले, सत्याग्रह करायला हजारो लोक तयार होते. तरी तळ्यावर जाणे स्थगित केले गेले, कारण आता समोर न्यायालयाचा हुकूम होता. दावा लढवला गेला आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयात निकाल बाजूने लागला. दहा वर्षे लागली. १९४९ चे वाक्य कोठून येते ते इथे दिसते. मंत्रिपदाच्या वीस वर्षे आधी, लोक पेटलेले असताना त्यांनी न्यायालयाचा हुकूम पाळला. तुमच्या तिसऱ्या मित्राच्या ‘सरकारात बसल्यावर मत बदलले’ या म्हणण्याला एवढे पुरेसे आहे. हवे तर आणखी एक: सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले, आणि २२ डिसेंबर १९५२ ला पुण्यात जिल्हा विधी ग्रंथालयात बोलताना, निवडणूक हरलेले आणि विरोधात बसलेले असतानाही, लोकशाहीची व्याख्या केली ती अशी, की लोकांच्या सामाजिक आणि आर्थिक जीवनात रक्तपाताशिवाय क्रांतिकारक बदल घडवून आणणारी शासनपद्धती. मत तेच आहे.

काळारामची गोष्ट वेगळी. तिथे २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू झाला तेव्हा मंदिरप्रवेशाचा कायदेशीर हक्क नव्हता. कौन्सिलमध्ये सरकारने नेमलेले मूठभर प्रतिनिधी, मताधिकार मालमत्ता आणि कर यांवर अडकलेला, घटनात्मक दार जवळजवळ बंद. ‘वाट उरलेली नव्हती तेव्हा समर्थन होते’ हे वाक्य या उदाहरणाला तंतोतंत लागू पडते. पण तो सत्याग्रहही त्यांनी अखंड चालू ठेवला नाही. मार्च १९३४ मध्ये आपले सहकारी दादासाहेब गायकवाड यांना त्यांनी कळवले, की आता शक्ती राजकारण आणि शिक्षणावर लावावी. का? प्रांतिक विधिमंडळांतून राखीव जागा येणार होत्या. दार किलकिले होत होते.

आणि दार उघडल्यावर त्यांनी काय केले, ते तर सगळ्यात महत्त्वाचे, पण वाचनगटांत कोणी घेतच नाही. १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी मुंबई विधानसभेत खोती, म्हणजे कोकणातली खोतांची जमीनदारी, रद्द करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ ला कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. आत विधेयक, बाहेर मोर्चा. त्याच वर्षी औद्योगिक कलह विधेयकाला आत विरोध केला, संपाचा हक्क म्हणजे आपल्या श्रमावरच्या स्वातंत्र्याचेच दुसरे नाव आहे असे सभागृहात मांडले, आणि ७ नोव्हेंबरला बाहेर एक दिवसाचा संप झाला. १९४९ च्या यादीत कायदेभंग आहे, असहकार आहे, सत्याग्रह आहे. मोर्चा नाही, संपही नाही. हे विसरून झालेले नाही.

टी-पॉइंटवरच्या मोर्चाला बाबासाहेबांचा दाखला हवाच असेल तर तो १० जानेवारी १९३८ चा द्यावा. मात्र तो देताना विचारावे, की आत तुमचे विधेयक कुठे आहे? लक्षवेधी कोणी लावली आहे? निवेदनात कलम आणि मागणी नेमकी लिहिली आहे का?

---

कामठी रोड

ताई, मांडणी सुरेख आहे, पण दोन गोष्टी अडचणीच्या आहेत आणि त्या झाकू नयेत असे वाटते.

पहिली. १९४६ मध्ये कॅबिनेट मिशनच्या योजनेत अनुसूचित जातींना वेगळे स्थान मिळाले नाही म्हणून बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या पक्षाने पुण्यात आणि आपल्या नागपुरातही विधिमंडळासमोर सत्याग्रह केले. तेव्हा प्रांतिक विधिमंडळे होती, निवडणुका झालेल्या होत्या. मग दार बंद होते असे कसे म्हणता?

दुसरी. बाबासाहेबांच्या पश्चात १९५९ मध्ये आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वात भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. लाखो लोक तुरुंगात गेले. संविधान लागू होते, प्रौढ मताधिकार होता, न्यायालये होती. जवळच्या सहकाऱ्यानेच तो इशारा मोडला, असे म्हणायचे का?

आणि म्हणून तुमचा तिसरा प्रश्न मला सगळ्यात गंभीर वाटतो, धंतोलीभाऊ. ‘मार्ग खुले आहेत’ हे जर सरकारच ठरवणार असेल तर कोणतेही सरकार ‘खुले आहेत’ म्हणूनच सांगेल.

---

विधी अभ्यासक

आक्षेप रास्त आहेत.

१९४६ बद्दल: विधिमंडळ होते हे खरे, पण कोणाचे? तेव्हाचा मताधिकार मालमत्ता, कर आणि शिक्षणावर होता, भूमिहीनांपैकी बहुतेकांना मतच नव्हते. त्यात पुणे करारानुसार राखीव जागांची अंतिम निवडणूक संयुक्त मतदारसंघात होई आणि फेडरेशनचे उमेदवार प्राथमिक फेरीत वर येऊनही अंतिम फेरीत पडत. त्यांचे गाऱ्हाणे नेमके हेच होते, की आमचे मत मोजले जाते पण आमचा माणूस निवडून येत नाही. दार होते, पण त्याला कडी बाहेरून होती. १९४९ च्या शर्तीत मी ‘खुले’ या शब्दावर जोर देतो तो यासाठी. संस्था आहे एवढे पुरत नाही, ती आपल्याला वापरता आली पाहिजे.

गायकवाडांबद्दल सरळ कबूल करावे: तो सत्याग्रहच होता आणि तो संविधान लागू झाल्यानंतरचा होता. ओढून-ताणून त्याला १९४९ च्या चौकटीत बसवायची गरज नाही. मात्र दोन गोष्टी शेजारी ठेवाव्या. त्या काळात गायकवाड संसदेत होते, १९५७ पासून लोकसभेत आणि १९६२ पासून राज्यसभेत, म्हणजे आतले काम चालूच होते. आणि पडीक सरकारी जमीन भूमिहीनांना द्या, कमाल धारणा कायदा नीट राबवा अशा त्यांच्या मागण्या होत्या. महाराष्ट्राचा जमीन कमाल धारणा कायदा १९६१ चा. कायदा आहे, अंमल नाही. महाडच्या तळ्यासारखीच ही स्थिती, कागदावर हक्क आणि घाटावर लाठी.

आता कोणी ठरवायचे? भाषणात ‘अमुक अधिकारी ठरवेल’ असे काही नाही. पण बाबासाहेबांनी मार्गांची नावे दिली आहेत, त्यामुळे प्रत्येक मार्ग तपासून बघता येतो. मी असे तपासतो:

न्यायालय. अनुच्छेद ३२ ला त्यांनी डिसेंबर १९४८ मध्ये संविधानाचे हृदय आणि आत्मा म्हटले. उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ आहे, त्यासाठी मुंबईला जायची गरज नाही, नागपूर खंडपीठात याचिका दाखल होते. प्रश्न हा, की तिथे दाद मागता येते का आणि हुकूम पाळला जातो का.

निवडणूक. मार्गदर्शक तत्त्वांवरून न्यायालयात जाता येत नाही, अशी टीका झाली तेव्हा त्यांचे उत्तर होते, की सत्ताधाऱ्याला न्यायालयात नाही पण मतदारांपुढे उत्तर द्यावेच लागेल. म्हणजे निवडणूक वेळेवर, सर्वांसाठी आणि निर्भय हवी.

घटनादुरुस्ती. हा मुद्दा २५ नोव्हेंबरच्या भाषणातच आहे. संविधान पटत नाही त्यांना ते म्हणतात, की दोन-तृतीयांश बहुमत मिळवा आणि बदला. प्रौढ मताधिकारावर निवडलेल्या संसदेत तेवढेही मिळत नसेल तर तुमची नाराजी जनतेचीही आहे असे समजता येणार नाही.

बोलण्याचे आणि जमण्याचे स्वातंत्र्य. हे गेले की वरचे तिन्ही पोकळ होतात.

हे सगळे एकाच वेळी बंद झाल्याचे उदाहरण आपल्या इतिहासात आहे. जून १९७५ च्या आणीबाणीनंतर अनुच्छेद १९ स्थगित झाला, लोकसभेची मुदत वाढली, आणि एप्रिल १९७६ च्या जबलपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी म्हटले, की स्थानबद्ध माणसाला या काळात दाद मागता येत नाही. तेव्हा ‘मार्ग खुले आहेत’ असे कोणी म्हटले असते तर ते खोटे ठरले असते. पुढे १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने अनुच्छेद २० आणि २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत अशी तजवीज झाली. बंद झालेले एक दार पुन्हा तसे बंद होऊ नये म्हणून केलेली ती दुरुस्ती.

माझे मत उघड सांगतो. त्या इशाऱ्याची दोन टोके आहेत आणि आपण एकच धरतो. नागरिकाने संविधानाबाहेर जाऊ नये, हे एक. शासनाने संविधानातले मार्ग वापरण्याजोगे ठेवावेत, हे दुसरे. दुसऱ्या टोकावर बोट ठेवल्याशिवाय पहिले टोक फक्त आंदोलकांच्या तोंडावर फेकण्याच्या कामी येते.

---

कामठी रोड

‘कागदावर हक्क आणि घाटावर लाठी’ हे पटले. १९४६ चे उत्तर पटले. १९६४ बद्दल मी अजूनही म्हणेन, की गायकवाडांनी इशाऱ्यातली शर्त स्वतः तपासली आणि मार्ग पुरेसा खुला नाही असा निष्कर्ष काढला. तो बरोबर की चूक यावर गटात वाद होऊ द्यावा. आयता निकाल देऊ नये.

---

ग्रंथपाल

चौथ्या प्रश्नाकडे येते. वेळ दोन तास आहे म्हणून काटकसरीने सांगते.

मजकूर. शासनाने काढलेल्या ‘लेखन आणि भाषणे’ मालिकेच्या इंग्रजी खंड १३ मध्ये ४ नोव्हेंबर १९४८ आणि २५ नोव्हेंबर १९४९ ही दोन्ही भाषणे आहेत. पुण्याचे १९५२ चे भाषण खंड १७ च्या तिसऱ्या भागात. मराठी अनुवादाच्या सुट्या पुस्तिका दीक्षाभूमीवर अशोक विजयादशमीच्या दिवसांत ढिगाने मिळतात, पण त्यांतल्या काही संक्षिप्त असतात. घेण्याआधी बघा: संविधान सभेत आलेल्या दुरुस्त्यांचे आकडे, ७,६३५ सूचना आणि त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या, हे भाषणाच्या सुरुवातीला येतात. ते नसतील तर पुस्तिकेत काटछाट आहे. मूळ इंग्रजीची एक प्रत जवळ ठेवाच, वाद झाला की तिथेच उघडायची.

वेळेची वाटणी. पूर्ण भाषण मोठ्याने वाचू नका. तासभर तिथेच जातो आणि शेवटचा, सर्वांत मोलाचा भाग घाईत उरकतो. भाषण आधी घरी वाचायला द्या आणि बैठकीत ‘लोकशाही केवळ रूपाने नाही’ या प्रश्नापासून पुढचाच भाग वाचा. त्याला पंचवीस मिनिटे ठेवा. नंतर चाळीस मिनिटे गटकाम, पस्तीस मिनिटे दुसरा आणि तिसरा इशारा, उरलेली वीस खुली.

गटकाम. सोळा जणांचे चार गट. एकेका गटाला एकेक प्रसंग: महाड, काळाराम, खोती, नोव्हेंबर १९३८ चा संप. प्रत्येकाला एक कोरा कागद आणि चार रकाने: (अ) कायद्याने हक्क होता का, (ब) निर्णय घेणाऱ्या सभेत आपल्या मताने निवडून आलेला माणूस होता का, (क) न्यायालय काय म्हणाले, (ड) पुढचे पाऊल कोणते. कागद भिंतीवर शेजारी-शेजारी लावले की ‘मत बदलले’ हा आक्षेप कोणी न सांगता गळून पडतो.

कुठे चुकते. महाडचा गट मार्च आणि डिसेंबर हमखास एकत्र करतो. त्यांना दोन कागद द्या, कारण मार्चमध्ये (अ) रकान्याचे उत्तर ‘होय’ आहे, ऑगस्टनंतर ते डळमळीत होते आणि डिसेंबरात (क) रकाना भरतो. काळारामचा गट फक्त १९३० लिहितो आणि १९३४ विसरतो. खोतीच्या गटाला मोर्चाच आठवतो, विधेयक आठवत नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या इशाऱ्याला पस्तीस मिनिटे का, तर पहिल्या इशाऱ्यावर वाद घालणारे लोक बाकीचे दोन वाचतच नाहीत. दुसरा आहे विभूतिपूजेचा. जॉन स्टुअर्ट मिल या विचारवंताचा दाखला देऊन ते सांगतात, की कितीही थोर माणूस असला तरी आपले स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवू नये. धर्मात भक्ती मुक्तीचा मार्ग असेल, राजकारणात तो अधोगतीचा आणि शेवटी हुकूमशाहीचा मार्ग आहे. हा विचारही १९४९ चा नवा नाही, जानेवारी १९४३ मध्ये पुण्यात रानड्यांच्या १०१ व्या जयंतीनिमित्त दिलेल्या व्याख्यानात तो सविस्तर आहे. तिसरा इशारा सामाजिक लोकशाहीचा: २६ जानेवारी १९५० ला आपण विसंगतीच्या जीवनात प्रवेश करणार आहोत, राजकारणात समता आणि समाजजीवनात व अर्थजीवनात विषमता. ही विसंगती लवकर दूर केली नाही, तर विषमतेचे चटके सोसणारेच लोकशाहीचा हा डोलारा उडवून देतील.

म्हणजे पहिल्या इशाऱ्यात जे ‘करू नका’ म्हटले, तेच लोक उद्या का करतील याचे कारण तिसऱ्यात दिले आहे. म्हणून तिन्ही एकाच बैठकीत हवेत. पहिलाच घेऊन बैठक संपली तर अर्धे भाषण घेतले असे समजा.

---

धंतोलीचा वाचक

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘सनदशीर’ शब्दाचा मुद्दा आणि चार रकाने दोन्ही घेतो. एक छोटी शंका. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणातली ‘संविधानिक नीतिमत्ता’ इथे जोडावी का? की वेळ पुरणार नाही?

---

इतवारीकर

जोडा, पण पाचच मिनिटे. बाबासाहेब तिथे ग्रीसचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रोटचा आधार घेतात. संविधानाबद्दल आदर, अधिकाऱ्याची आज्ञा मानणे, आणि त्याच वेळी त्याच अधिकाऱ्यावर निर्भयपणे टीका करणे, हे तिन्ही एकत्र नांदणे म्हणजे संविधानिक नीतिमत्ता. मग ते म्हणतात, की ही भावना निसर्गतः येत नाही, ती जोपासावी लागते, आणि भारताची माती मुळात लोकशाहीची नाही, लोकशाही हा तिच्यावर वरून घातलेला थर आहे.

हे वाक्य सहसा सुटे उद्धृत होते, ते का आले हे सांगितले जात नाही. संविधानात प्रशासनाचे एवढे बारीक तपशील कशाला, अशी टीका होती. त्यांचे उत्तर असे, की संविधानाचे शब्द न बदलता केवळ प्रशासनाची पद्धत बदलूनही संविधान विकृत करता येते. लोकांत नीतिमत्ता पुरेशी मुरलेली असती तर तपशील विधिमंडळावर सोडता आले असते. ती मुरलेली नाही, म्हणून लिहून ठेवले.

गटातल्या नोकरीवाल्यांना हा मुद्दा लगेच समजेल. परवानगीचा अर्ज मुदतीत दिला, पोच घेतली, आणि मोर्चाच्या आदल्या रात्री तोंडी नकार आला, की १९(१)(ख) चा एकही शब्द न बदलता तो हक्क गेला. म्हणून मोर्चेवाल्यांसाठी व्यवहाराची गोष्ट: अर्ज लेखी द्या, मार्ग, वेळ आणि अंदाजे संख्या लिहा, पोच घ्या, नकार लेखी आणि कारणासह मागा. लेखी कारण हातात असेल तर खंडपीठात बोलायला जागा राहते. तोंडी नकारावर याचिका उभी करणे फार जड जाते.

---

ग्रंथपाल

आणि चारही गटांना (ब) रकाना आधी भरायला सांगा, (अ) नंतर. हक्क होता की नव्हता यावर लोक अर्धा तास भांडतात. ‘तुमच्या मताने निवडून आलेला माणूस आत होता का’ याचे उत्तर दोन मिनिटांत मिळते: १९२७ मध्ये नाही, १९३० मध्ये नाही, १९३८ मध्ये होय.